लातूरची शाकाहारी कुकरी

लातूरच्या एसटी स्थानकावर मी उतरले तेव्हा एक रंगारी शिडीवर उभा राहून पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द रंगवत होता. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून स्वतः जिल्हा झालं, त्याला फार काळ झाला नव्हता. मुरूड सोडल्यापासून आमचे कंडक्टर दर थांब्याला “चला, जिल्ह्याचं ठिकाण आलं जवळ” असं म्हणत होते, जणू ते त्यांनी स्वतः मंजूर करून आणलं होतं. पाटीच्या बरोबर खाली कोरड्या नळासमोर घागरींची लांब रांग होती. माणसं सावलीत बसली होती आणि घागरी उन्हात उभ्या होत्या. जिल्हा आला होता, पाणी यायचं होतं.

मी पुण्याहून आले होते ती एक हत्यार विकत घ्यायला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बोलायला जमलं नाही, म्हणून निघताना मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या डोंगर भटकणाऱ्या गटाचा पुढच्या महिन्यात जंगलात तळ पडणार होता. गटाचा म्होरक्या विद्याधर यानं नियम सांगितला: ज्याच्याकडे स्वतःचं हत्यार असेल तो पुढच्या तुकडीत, करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या तोडून वाट काढायला. नसेल तो स्वयंपाकाच्या तुकडीत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तू चहा बरा करत असशील.” माझा चहा वाईट होतो. तेही मी बोलले नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की मनगटात जोर कमी असलेल्यांनी कुकरी घ्यावी. नेपाळ्यांची ती वाकडी सुरी. तिचं वजन टोकाकडे असतं, त्यामुळे निम्मं काम तीच करते. आपलं निम्मं काम दुसऱ्यानं परस्पर करावं, ही कल्पना मला फार आवडली. पुण्यात बोहरी आळीत कुकरी मिळाली असती, पण तिथे दर तिसऱ्या दुकानात बाबांच्या ओळखीचं कोणीतरी बसलेलं असतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याभोवती तलवारी-कृपाणांची ओळीनं दुकानं आहेत असं ऐकलं होतं, आणि त्याच वाटेवर लातूरला मावशी होती. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत काकांची बदली झाली होती.

“अशी अचानक कशी गं आलीस?” मावशीनं दारातच विचारलं.

“कुकरी घ्यायला,” मी म्हणाले.

मावशीचा चेहरा असा उजळला की मी घाबरले. त्या दिवसांत इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुली लग्नाआधी ‘कुकरी’चे क्लास लावायच्या. केक, पुडिंग, गाजराची फुलं वगैरे. मावशीनं ती कुकरी ऐकली होती.

“शेवटी मनावर घेतलंस म्हणायचं. ताईला आजच कळवते.”

तिची समजूत दुरुस्त करायला एकच वाक्य पुरलं असतं. ते घशापर्यंत आलं आणि माझी बहुतेक वाक्यं जातात तसं तिथूनच परत गेलं. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या काकू आल्या, मला नीट न्याहाळून म्हणाल्या, “आमच्या पोरीलाबी केक शिकवा जरा. पाहुणे यायलेत तिला बघायला.” मी मान हलवली. मी मान फार चांगली हलवते.

मावशीनं धपाटे (थालीपिठाचे पातळ, तिखट भाऊ) केले होते. हात धुवायला पळीभर पाणी मिळालं आणि तेच पाणी पुढे तुळशीला गेलं. “टँकर कधी येईल ते कलेक्टरला पण माहीत नाही,” काका म्हणाले. ते कलेक्टरच्या कचेरीतच असल्यामुळे त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची एसटी धरली. “नांदेडला भांडी छान मिळतात,” मावशी खिडकीतून म्हणाली. “कुकर घेतलास तर शिट्टी वाजवून घे.”

अहमदपूर, लोहा. दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळलेली, इतकी की तिच्यात पाय अडकेल असं वाटावं. विहिरींवर मोटेची चाकं नुसती होती. शेजारी पटका बांधलेले एक आजोबा बसले होते. बराच वेळ त्यांनी मला सोडून दिलं, मग विचारलं, “गाव कंचं?”

“पुणे.”

“तिकडं पाणी हाय का?”

“आहे.”

आजोबांनी यावर लोह्यापर्यंत विचार केला. “मग इकडं कशाला आलीस?”



नांदेडात गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. गुरुद्वाऱ्यात मात्र लंगरच्या पंगतीत कोणी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मुख्य म्हणजे माझ्या लग्नाचंही विचारलं नाही. डाळ-रोटी खाल्ली. असं गप्प बसून पोटभर जेवायला मला आयुष्यभर चाललं असतं. पण बाहेर दुकानं वाट बघत होती.

ज्या दुकानात सर्वांत कमी गर्दी होती तिथे मी शिरले. म्हातारे सरदारजी वर्तमानपत्रानं वारा घेत होते. भिंतीवर चकाचक तलवारी होत्या आणि त्यांत एक कुकरी. मी बोट दाखवलं. त्यांनी कुकरी काढून दिली. मुठीला पितळेचं सिंहाचं तोंड, पात्यात माझा चेहरा दिसेल अशी चमक.

पुस्तकानं सांगितलं होतं की पात्याची मागची बाजू मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेली हवी. त्या भागाला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

“याची शेपूट... आत कुठवर गेली आहे?” मी विचारलं.

सरदारजींनी आधी सिंहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “शेपूट न्हाई, बेटी. फक्त तोंड हाय.”

“नाही, म्हणजे... जाळी तोडताना मूठ निघणार नाही ना?”

“जाळी?” त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “ही दिवाणखान्यातली हाय. भिंतीवर लावायची. भिंत काय तोडायची हाय का?”

मी अबोल आहे, पण हट्टी नाही असं कोणी म्हणणार नाही. दुकानाबाहेर बाभळीची एक काटकी पडली होती. मी हातानंच विचारलं, त्यांनी हातानंच ‘बघ’ म्हटलं. मी कुकरी हाणली. काटकी जागेवर राहिली, सिंह माझ्या हातात राहिला, आणि पातं शेजारच्या मुरमुऱ्यांच्या पोत्यात जाऊन उभं रुतलं. मुरमुरेवाला पोत्याकडे, मग सिंहाकडे बघत राहिला. सरदारजी इतके हसले की त्यांना पगडी सावरावी लागली.

“मी बोललो होतो,” ते म्हणाले. पातं त्यांनी स्वतःच उपसून आणलं आणि सिंहात परत बसवून ठोकलं. ते रागावले असते तर मी तशीच स्थानकाकडे पळाले असते. पण त्यांनी विचारलं, “खरीच पायजे का?”

“हाव,” मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला कोण जाणे.

“मग इथं कशाला आली? लातूरला जा. गंजगोलाईत लोखंडी सामानवाला आप्पा हाय, लिंगायत. नेपाळाहून कुकऱ्या घेऊन आला होता. मला विकायला बघत होता. मी घेतल्या न्हाईत. चमकतच नव्हत्या.”

मावशीच्या घरापासून गंजगोलाई हाकेच्या अंतरावर आहे. परतीच्या एसटीत मी काखेतल्या कळशाचा विचार करत आले.

लातूरची गंजगोलाई म्हणजे गोल बाजार. मधे देऊळ, भोवती दुकानांचं कडं आणि चहूकडे फुटलेले रस्ते. आप्पांचं दुकान विचारत मी पूर्ण फेरी मारून निघाले तिथेच पोचले, कारण ते अगदी सुरुवातीलाच होतं. दारात दोरांची वेटोळी, बादल्या, खुरपी, विळे. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, गळ्यात चांदीचं लिंग असलेले गोरेपान आप्पा गादीवर बसले होते.

“काय बघायलीस बाई? दोर का? विहिरी खोल गेल्या, दोर लई चालू हायेत.”

“कुकरी,” मी म्हणाले, आणि मावशीचा अनुभव असल्यामुळे हातानं वाकडा आकारही काढून दाखवला.

आप्पा उठले. आतून गोणपाटात गुंडाळलेली कुकरी घेऊन आले आणि गादीवर ठेवली. हातात दिली नाही. “हत्यार हातात देऊ न्हाई. भांडण हुतं. उचल तू.”

मी उचलली. काळपट पातं, साधी लाकडी मूठ, आणि मुठीच्या टोकाला पात्याच्या शेपटीचं ठोकून चपटं केलेलं लोखंड दिसत होतं. म्हणजे शेपूट पार शेवटपर्यंत. म्यानाच्या मागे छोट्या खिशात बोटाएवढ्या दोन सुऱ्या, पिल्लांसारख्या. दुकानामागे तुरीच्या वाळक्या काड्यांचा भारा होता. आप्पांनी मान हलवली आणि मी हात खाली सोडला. फक्त सोडला. मूठभर काड्या तुटून पडल्या आणि मला काही केल्यासारखंच वाटलं नाही. त्या क्षणी मला कळलं की हिच्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही.

“पशुपतिनाथाला गेलो हुतो,” आप्पा सांगायला लागले. “देवाच्या दारातल्या. वाणी माणूस रिकाम्या हातानं कसा येणार? थोड्या आणल्या. इथल्या लोकायला कळनात. कोयता म्हणलं तर आखूड, सुरी म्हणलं तर जड. ही शेवटची.”

“कितीला?”

त्यांनी किंमत सांगितली. वाजवी होती. मी पिशवीत हात घातला, तर आप्पांनी कुकरीवर पंजा ठेवला.

“पर मांसाला लावायची न्हाई.”

मी पिशवीतून हात काढला.

“देवाच्या दारातली हाय. भाजी काप, लाकूड काप, जाळी तोड. मांसाला लावली तर माझ्या डोक्यावर पाप. बेल उचलून सांगावं लागंल.”

नेपाळात सणाला बोकड आणि रेडे हिनंच कापतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. चित्रही पाहिलं होतं. ते मी सांगितलं नाही. अबोलपणाचे काही फायदे असतात.

पण शपथ घेऊन मोडणं मला जमत नाही, आणि तळावर कोणीतरी कोंबडी आणतंच. नाही म्हणून निघून जावं, तर समोर चहाचं पातेलं दिसत होतं. लोक किमतीवर घासाघीस करतात. मी शपथेवर करायला बसले.

“मासा चालेल?”

“मासा?” आप्पा दुखावल्यासारखे झाले. “त्यो काय वांगं हाय का?”

“पाण्यातला असतो म्हणून विचारलं.”

“पाणी कुठाय, बाई? मासा आणणार कुठून? जे न्हाईच त्याच्यावर कशाला भांडायचं. मासा न्हाई.”

“बरं. मग या दोन छोट्या सुऱ्या मोकळ्या सोडा. मोठी तुमच्या शब्दाची, पिल्लं माझी.”

आप्पांनी पिल्लं काढून पाहिली, विचारात पडले. मला वाटलं जमलं. मग त्यांनी ती परत खोचली. “आई माळकरी आणि लेकरं मटण खाणार? असं आमच्यात चालत न्हाई.”

आमच्या घरी नेमकं असंच चालतं. पण ते बोलण्याची ही जागा नव्हती.

“अंडं?”

“अंड्याला सुरी कशाला लागती? टिचवायचं.”

“उकडलेलं कापतात,” मी म्हणाले. लपवून ठेवता आलं असतं, पण घासाघिशीत खरं बोललं की समोरचा गोंधळतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आप्पांनी छताला टांगलेल्या दोरांकडे पाहिलं. बाहेर टँकर आल्याचा गलका झाला, घागरी वाजल्या. “उकडल्यावर जीव ऱ्हात न्हाई त्याच्यात,” शेवटी ते म्हणाले. “अंडं तुझ्यावर सोडलं. बाकी न्हाई.”

“खाण्याचं काय? मी खाल्लं तर?”

“तुझ्या पोटाचं मी कशाला सांगू? मी कुकरी विकायलोय, तुला न्हाई.”

सकाळच्या पूजेचं एक वाळकं बेलाचं पान त्यांनी कुकरीवर ठेवलं. दुष्काळात बेलालाही हिरवी पानं नव्हती. मी ते उचललं आणि म्हणाले, “ही मांसाला लावणार नाही. अंडं सोडून.” इतका वेळ अनोळखी माणसाशी मी आयुष्यात बोलले नव्हते. घसा कोरडा पडला होता. आप्पांनी तांब्यातलं पाणी पुढे केलं. दुष्काळात कोणी न मागता पाणी देतं तेव्हा सौदा मनापासून झालेला असतो.

मावशीनं गोणपाट उघडलं. मग म्हणाली, “ही कुकरी?”

“मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेय.”

“अगं, मी तुझ्यासाठी एका स्थळाला सांगून बसले की मुलगी कुकरी शिकते.”

“खरंच तर सांगितलंस.”

काका आतून हसले आणि मावशीनं त्यांच्याकडे बघितल्यावर खोकले.

तळावर विद्याधरनं कुकरी उलटसुलट करून पाहिली. “कोणी निवडून दिली?”

“मी.”

त्यानं कुकरी परत केली. मी पुढच्या तुकडीत गेले. घाणेरीची जाळी अंगावर यायची आणि मी फक्त हात सोडायची.

एका संध्याकाळी खालच्या वाडीतून कोंबडी आली. स्वयंपाकाच्या तुकडीतल्या मुलांची सुरी बोथट झाली होती, म्हणून विद्याधर हात पुढे करून माझ्याकडे आला. “दे जरा.”

कुकरी माझ्या मांडीवर होती. लातुरात बसलेल्या आप्पांना इथे काय कापलं गेलं ते कधी कळणार नव्हतं. देवाचंही मला फारसं भय नाही. पण एवढी घासाघीस करून मिळवलेली अट कोणी फुकट सोडून देतं का?

“नाही,” मी म्हणाले.

चुलीपाशी बसलेले सगळे माझ्याकडे वळले. मी ‘नाही’ म्हणू शकते हे बहुतेकांना नवीन होतं. मग मी सगळं सांगितलं. पशुपतिनाथ, मासा, पिल्लं, उकडलेलं अंडं. सुरुवातीला लोक हसले, नंतर त्यांना अंड्याचा निकाल कसा लागला ते ऐकायचं होतं. तोवर कोणीतरी दगडावर घासून बोथट सुरीलाच धार काढली.

“म्हणजे तू आता कोंबडी खाणार नाहीस?” विद्याधरनं विचारलं.

“मी खाणार,” मी म्हणाले. “ही खाणार नाही.”

आणि कुकरी म्यानात घालून मी ताट पुढे केलं.