सिल्व्हानोचा नमस्कार

सिल्व्हानो गेल्याची बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्सजवळच्या आमच्या मैदानावर सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होतो. सुट्टीला इटलीला गेला होता, तिथंच हार्ट अटॅक... खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की आता पोरं परत माझी. मग स्वतःचीच लाज वाटली.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून आठ सीझन खेळलो, आणि इथं नऊ वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. सिल्व्हानो आमच्या अकॅडमीत आला चार वर्षांपूर्वी, इटलीतल्या मोठ्या क्लबात सोळा वर्षं मिडफिल्ड सांभाळून रिटायर झालेला. गोल फारसे नाहीत, पण त्याचे पास लोकांना अजून पाठ. खोर फक्कानला मॅचला गेलो, तर पोर्टवरचे कामगार ओव्हरऑलसकट धावत आले. इजिप्शियन, मल्याळी, आपले रत्नागिरीचे भाई, सगळे ‘हबीबी, वन फोटो’ करत त्याला चिकटले आणि मोबाइल दिले माझ्या हातात. चार वर्षं त्याचे फोटो मीच काढले. माझा फोटो कुणी मागितला नाही. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं हो! पण तो माझ्या डब्यातला झुणका मागून खायचा, गावाकडं आई कशी आहे विचारायचा. रागवायचं तरी कशावर?

मैदानात उतरताना मी वाकून जमिनीला हात लावतो आणि कपाळाला टेकवतो. इथं माती कसली, प्लॅस्टिकचं गवत. रबराचे काळे कण कपाळाला चिकटतात, पण तालमीची सवय ती. इतक्या वर्षांत एका पोरानं कारण विचारलं नाही. सिल्व्हानोनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हिच्या जिवावर आपण जेवतो, म्हणून आधी हिच्या पाया पडायचं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः वाकला. महिनाभरात अख्खी अकॅडमी वाकायला लागली, त्यात माझा अद्वैतसुद्धा. अरे, हे आपलं कोल्हापूरचं, असं मी त्याला म्हटलं, तर म्हणतो, “नो बाबा, इट्स ॲन इटालियन थिंग.” सिल्व्हानोनं दोन-तीनदा सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. पोरांना तो त्याचा विनय वाटला. म्हणजे त्यातही मोठा तोच!

परवा त्याच्या आठवणीत मॅच ठेवली होती. त्याची बायको आली होती. पोरं ओळीनं वाकली, तशी ती रडायला लागली. मग मला इंग्रजीत म्हणाली, “ही वाकतात तेव्हा तो इथंच आहे असं वाटतं. हे त्याचंच ना?”

अद्वैत शेजारी उभा. कोल्हापूरचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं...

“हो,” मी म्हटलं. “त्याचंच.”

मेलेल्या माणसावर काय जळायचं, पण जळत होतो. काल नवी बॅच आली. मी नेहमीसारखा वाकलो, तर मागून एक चिमुरडी मैत्रिणीला सांगत होती, “लुक, कोच ऑल्सो डझ द सिल्व्हानो.”