मैदानाची माती

अन्याय झाला तो माझ्या उजव्या गुडघ्यावर, संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घालताना. गुडघा पिरगळला. आता डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी मी मैदानाच्या कडेकडेने फिरते. धावायला बंदी, वाकायलाही बंदी.

आमच्याकडे मैदानात पाऊल टाकण्याआधी मातीला हात लावून तो कपाळाला लावतात. पोरी गप्पा मारत येतात, वाकल्यासारखं करतात आणि आत पळतात. निम्म्याजणींच्या बोटांना माती लागतसुद्धा नाही. त्यांच्या धावण्यावर मी जळतेच, पण या फुकटच्या वाकण्यावर जास्त जळते. एवढी श्रीमंती आणि तिची अशी उधळपट्टी! आजवर दुसऱ्यांवरच्या अन्यायाविरुद्ध कितीतरी मोर्च्यांत घसा फोडला, पण स्वतःच्या गुडघ्याचा निषेध कुठल्या चौकात करायचा?

काल सुषमाने हाक मारली. माझ्या जागी हल्ली तीच खेळते.

"ताई, कडेकडेने काय फिरतेस? आत ये की!"

"वाकता येत नाही गं. माती न लावता कशी येऊ?"

"एवढंच ना?" म्हणत ती खाली बसली, चिमूटभर माती उचलली आणि माझ्या कपाळाला लावली.

मी आत गेले. आभार मानायला हवे होते. मी मात्र तिचे गुडघेच बघत राहिले. किती सहज मिटले, किती सहज उघडले.

तुमचे वाकतात ना? मग उद्या मैदानात शिरताना नीट वाका. हाताला माती लागू द्या. मी कडेला उभी राहून बघणार आहे.