सात सीटची गाडी आणि आम्ही दोघी

माझ्या मुलीच्या पायांत जन्मापासून बळ नाही. ती व्हीलचेअरवर बसून शाळेत जाते, आणि कित्येक वर्षं रोज सकाळी मी तिला दोन्ही हातांनी उचलून रिक्षात बसवत आले. लहान होती तेव्हा त्याचं काहीच वाटायचं नाही. मग ती वाढली, अंगानं भरली, तरी मी उचलतच राहिले. एका सकाळी तिला उचलताना माझ्या कमरेत अशी चमक भरली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती अर्धी रिक्षात आणि अर्धी माझ्या हातांवर. मला तिला वर ढकलता येईना, खाली घेता येईना.

रिक्षावाले मागे तिची खुर्ची बांधत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण ऐन वेळी तमिळ शब्दच आठवेना. मुलगी माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाली, "आई, सोडू नकोस हं." मग तिनंच तमिळमध्ये हाक मारली. रिक्षावाले पलीकडच्या बाजूनं आले आणि त्यांनी तिला आत ओढून घेतलं. शाळेपर्यंत ती गणवेशाचा स्कर्ट गुडघ्यांवर सारखा करत राहिली. उतरताना म्हणाली, "आता रोज असं नाही चालणार."

मी मूळची सांगलीची. नवरा कुंभकोणमचा. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडं आलं आणि इथंच राहिलं. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी मला लग्नानंतर वर्षभर नीट कळत नव्हतं. सासूबाई 'कोठें' म्हणायच्या, 'बरें' म्हणायच्या, आणि मधेच एखादा तमिळ शब्द असा टाकायच्या की वाक्याची शेपटी माझ्या हातातून निसटायची. पुण्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. मुलगी झाल्यावर तिला सांभाळायला माणसं हवीत म्हणून इकडं आलो. मग सासरे गेले, सासूबाई गेल्या, आणि नवरा मस्कतला नोकरीला गेला. ज्या माणसांसाठी आलो होतो ती माणसं राहिली नाहीत, आम्ही दोघी राहिलो. तमिळमध्ये मला भाजीचा भाव करता येतो, डॉक्टरांना दुखणं सांगता येतं. गप्पा मारता येत नाहीत.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते.

"गाडी घेऊन टाकू या," तो म्हणाला. "तुला चालवता येतेच."

"सांगलीत येत होती. भावाची गाडी होती ती. इथं कधी स्टिअरिंगला हात लावलाय मी?"

"शीक परत. आणि घ्यायचीच तर सात सीटची घे. मी आलो की सगळे मिळून फिरता येईल."

"सगळे म्हणजे कोण?"

"दादाची मंडळी येतात ना चेन्नईहून."

दादाची मंडळी शेवटची आली होती ती सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला. मी ते बोलले नाही. तो तिकडं एका खोलीत तिघांबरोबर राहतो. भरलेली गाडी त्याला मनात दिसत असेल तर ती मी का रिकामी करायची?

कंबर बरी झाल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन हात मोकळा करून घेतला, आणि एका शनिवारी आम्ही दोघी पहिल्या शोरूमला गेलो. शनिवार म्हणजे तिथं घरंच्या घरं आलेली. एक आजोबा मागच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होते, त्यांची सून आरशात पाहत होती, पोरं हॉर्न वाजवत होती. आमच्याकडं एक तरुण विक्रेता आला. त्यानं आधी आमच्या मागं पाहिलं.

"सर गाडी लावून येतायत का?"

"सर नाहीत," मी म्हणाले. "आम्ही दोघीच."

त्यानं सात सीटची गाडी दाखवली. गाडी देखणी होती. छताला काच, समोर मोठा पडदा. तो मला पडद्यावरची गाणी दाखवत होता आणि मुलगी खुर्चीवरून सीटकडं पाहत होती. सीट तिच्या छातीच्या उंचीवर होती. सुताराकडून करून घेतलेली एक गुळगुळीत फळी आमच्याकडं असते. ती खुर्ची आणि पलंग यांच्यात टाकली की मुलगी हातांच्या जोरावर स्वतः सरकत जाते. इथं ती फळी टाकली असती तर घसरगुंडी झाली असती, तीही उलटी.

"उंच आहे," मी म्हणाले.

"त्यात काय मॅडम," असं म्हणून तो वाकला आणि त्यानं तिला सरळ उचलून सीटवर ठेवलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. हॉर्न वाजवणारी पोरं थांबून बघायला लागली. त्या विक्रेत्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. तो हसत होता. मदत केली असंच त्याला वाटत होतं.

मुलीनं समोर काचेकडं पाहत मला मराठीत सांगितलं, "मला खाली घे. तूच घे. त्याला परत हात लावू देऊ नकोस."

मी तिला खाली घेतलं. कमरेत कळ आली, ती गिळली. बाहेर आल्यावर तिला उसाचा रस घेऊन दिला. तिनं तो अर्धाच प्यायला. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. माझी आई असती तर काय बोलली असती, तेही आठवून पाहिलं. मग उरलेला रस मीच पिऊन टाकला.

त्यानंतर गाडीचा शोध तिनं स्वतःच्या हातात घेतला. फोनवर तासन्‌तास व्हिडिओ पाहायची. कोणत्या गाडीचं दार किती उघडतं, सीट जमिनीपासून किती उंच, डिकीत काय मावतं. आमच्या पलंगाची उंची तिनं टेपनं मोजून ठेवली होती. सरतेशेवटी एक लहान गाडी तिनं पक्की केली, आणि ती ऑटोमॅटिकच हवी म्हणून अडून बसली. नवऱ्याला ते पटेना. ऑटोमॅटिकला ॲव्हरेज कमी मिळतं, दुरुस्ती महाग पडते, असं तो समजावत राहिला. ती म्हणाली, "अप्पा, चालवणार तुम्ही नाही." तो हसला. मला वाटलं, माझ्या कमरेचा विचार करून पोर बोलतेय. त्या रात्री मला त्या विचारानंच बरं वाटलं.

दुसऱ्या शोरूममध्ये आम्ही शाळेच्या सुट्टीत मुद्दाम मंगळवारी दुपारी गेलो. गर्दी नव्हती. तिथं विक्रीला एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, केसांत मोगरा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यांनी मला विचारण्याआधी मुलीला विचारलं, "आधी कोणतं दार उघडू?"

"पुढचं, डावीकडचं," मुलगी म्हणाली.

मी मागच्या दाराकडं निघालेच होते. रिक्षात, बसमध्ये, काकांच्या गाडीत, ती नेहमी मागंच बसत आलेली. मी थांबले. तिनं खुर्ची दाराशी तिरकी लावली, ब्रेक लावले, फळी टाकली आणि हातांवर भार घेत सरकत गेली. मधे एकदा अडकली. माझा हात पुढं झाला, तो मी मागं घेतला. मग ती सीटवर होती. पाय तिनं हातांनी उचलून एकेक करून आत घेतले आणि सीटबेल्ट लावला. कपाळावर घाम होता.

डिकी उघडली तर आत बाईंचं काही सामान आणि माहितीपत्रकांची खोकी होती. "खुर्ची इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "जवळच जाऊन यायचंय. डिकीत बसते की नाही ते आल्यावर रिकामी करून बघू." मला ते बरं वाटलं नाही. मुलीला खुर्चीपासून दूर नेणं म्हणजे तिची चप्पल विसरण्यासारखं नव्हे, तिचे पायच मागं ठेवण्यासारखं. पण तीच म्हणाली, "चल आई."

मी गाडी काढली. बाई मागं बसल्या आणि स्वामीमलैच्या रस्त्याला घ्या म्हणाल्या. पहिली काही मिनिटं माझा डावा पाय क्लच शोधत होता. मुलगी म्हणाली, "त्या पायाला सुट्टी दे." मी हसले. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातशेतं लागली. पुढं एका वळणावर भात कापायचं यंत्र लादलेला ट्रक आडवा झाला होता आणि दोन्हीकडची वाहनं थांबली होती.

आमच्या डाव्या बाजूला एक मुलगी सायकलवरून उतरून उभी राहिली. तिचं लक्ष आमच्या गाडीत गेलं, मग तिनं परत वळून पाहिलं. ती लेकीच्या वर्गातली होती. लेकीनं काच खाली केली.

"कुठं चाललीयेस?" त्या मुलीनं विचारलं.

"अशीच. फिरायला."

"गाडी छान आहे."

"घेतोय," लेक म्हणाली, आणि कोपर खिडकीवर टेकवून बसली.

त्या दोघी गणिताच्या सरांबद्दल बोलल्या, कुणाच्या तरी नव्या चष्म्याबद्दल बोलल्या. भराभर, मला अर्धंच कळेल अशा तमिळमध्ये. एकदा दोघी एकदम हसल्या. मी विचारलं नाही कशाला ते. ट्रक हलला तशी मैत्रीण सायकलवर बसून निघून गेली, आणि लेक काच खाली ठेवूनच बसली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ती ते सारत नव्हती.

बाई मागून म्हणाल्या, "इथून वळवा मॅडम."

"आई, अजून थोडं," लेक मराठीत म्हणाली. "त्यांना सांग तुला अजून सराव हवाय."

मी तसं सांगितलं. आम्ही स्वामीमलैपर्यंत गेलो. मूर्ती ओतणाऱ्यांच्या कारखान्यांवरून, देवळाच्या रस्त्याच्या तोंडापाशी वळून परत निघालो. येताना तिनं मला सांगितलं.

"आई, मी अठरा वर्षांची झाले की हीच गाडी मला चालवता येईल. ऑटोमॅटिकला हातानं दाबायचा ब्रेक आणि हातानंच द्यायची रेस बसवून मिळते. मी पाहिलंय. म्हणूनच ही."

मी रस्त्याकडं पाहत राहिले. "एकटी जाणार?"

"मग काय."

"कुठं?"

"ते तेव्हा बघू," ती म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. कुणी तिला एकटीनं काही करू द्यावं म्हणून तर मी इतकी वर्षं शाळेशी, डॉक्टरांशी, नातेवाइकांशी भांडत आले. पण त्या आनंदाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. ही गाडी मी आमच्या दोघींसाठी बघत होते. तिनं ती केव्हाच स्वतःसाठी निवडली होती, आणि तिच्या मनातल्या पुढच्या दिवसांत मी घरी होते, दाराशी, गाडीची वाट बघत. मागच्या सीटवर फक्त त्या बाई होत्या. आमचं बोलणं त्यांना कळण्यासारखं नव्हतं, आणि गाडीत असं कुणी नव्हतं की ज्याच्याकडं मी एकदा वळून पाहावं.

शोरूमच्या आवारात खुर्ची जिथं ठेवली होती तिथंच उभी होती. लेकीनं ती पाहिली आणि लगेच उतरली नाही. मी घाई केली नाही. मग तिनंच फळी मागितली. डिकी रिकामी करून आम्ही खुर्ची घडी घालून ठेवून पाहिली. एक चाक काढल्यावर ती बरोबर बसली.

गाडी ठरली. रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लहान आहे. पण तुम्हा दोघींना पुरे." थोड्या वेळानं म्हणाला, "मी आल्यावर मागं बसेन." त्याच्या आवाजावरून तो चेष्टा करतोय की नाही ते कळलं नाही. मी म्हणाले, "मागंही पुष्कळ जागा आहे."

गाडी घरी आली, शेजारच्यांनी चाकाखाली लिंबं ठेवली, चाकं त्यांवरून नेली. रिक्षावाल्यांना मी आधीच सांगितलं होतं. तरी ते गाडी बघायला आले. तिच्या दारावर हात फिरवून लेकीला म्हणाले, "आता आम्हाला विसरू नकोस." ती म्हणाली, "रस्त्यात हॉर्न देईन." त्यानंतर सकाळी दाराशी त्यांची हाक येणं बंद झालं. अमुक भाव वाढला, तमुक पूल दुरुस्तीला काढला, असं ते सकाळी मला सांगायचे. माझं तमिळ जे काही सुधारलं ते त्यांच्यामुळं. हे त्यांच्या रिक्षात बसणं थांबल्यावर लक्षात आलं.

पहिल्या दिवशी शाळेच्या दाराशी लेक स्वतः उतरली. सायकलवाली मैत्रीण वाट बघत होती. दोघी उतारावरून आत गेल्या. लेकीनं मागं पाहिलं नाही, आणि पाहण्यासारखं काही कारणही नव्हतं.

मी गाडीत बसून राहिले. घरी जाऊन करायचं असं काही तातडीचं नव्हतं. मग तिरुनागेश्वरमच्या रस्त्याला लागले. यात्रेकरूंच्या बसमागून सावकाश जात राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी बोलतेय. "आता ह्याला पुढं जाऊ दे. इथं वळू या. बघ, किती बगळे बसलेत." सांगलीच्या मराठीत, मोठ्यानं, शेजारच्या रिकाम्या सीटकडं वळून. पहिल्यांदा लाज वाटली. मग वाटलं, काचा बंद आहेत. आणि मी बोलत राहिले, आईशी बोलावं तसं, सगळं.

शाळा सुटायच्या खूप आधी मी परत येऊन चिंचेच्या झाडाखाली गाडी लावली. लेक बाहेर आली तेव्हा दार उघडून उभी होते.

"केव्हाची आलीस?" तिनं विचारलं.

"आत्ताच," मी म्हणाले.

तिनं फळी टाकली.