धोट्यातला दोरा

चाळीत माझ्या शेजारी एक विणकर राहायचा. गिरणीत साच्यावर कापड विणायचं काम, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. हसताना तो तोंडावर हात धरायचा, कारण त्याच्या हिरड्यांतून कायम रक्त यायचं. सकाळी ओट्यावर बसून मिश्री घासायची आणि दिवसभर गालात लवंग धरायची, एवढाच त्याचा इलाज. दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, की म्हणायचा, "दात हाय मास्तर, दुखणारच की." मीही पुढे फारसा आग्रह करत नसे.

ओठ आणि गाल सुजले, ताप आला, तरी तो कामावर जात होता. मग एका सकाळी गिरणीतला धोटा कोटाच्या खिशात खुपसून आपण होऊन माझ्या दारात उभा राहिला.

"चला मास्तर. दोरा येईना."

गिरणीत धोट्यातली, म्हणजे साच्यावर आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी होडीतली, सुताची कांडी बदलली, की धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यावा लागे. सुजेमुळे त्याचे ओठ नीट मिटत नव्हते.

डॉक्टरांनी पुढचे दोन दात काढले. "रक्त यायला लागलं तेव्हाच यायचं होतं," ते म्हणाले. "आता दोन दिवस तोंडाने काही ओढू नका. जखम उघडेल."

"बरं की," तो म्हणाला.

रस्त्यावर येताच त्याने कापसाचा बोळा थुंकला, कोटाच्या खिशातून धोटा काढला आणि तोंडाला लावला. दोरा आला, तांबडा होऊन. तो माझ्याकडे बघून हसला. या वेळी तोंडावर हात नव्हता.

"येतोय की," म्हणाला, आणि गिरणीच्या वाटेला लागला.