श्रीरामरावांचा दगड

छत्रीबाग मोहल्ल्यात मनोरमाबाई टोकेकरांच्या लोणच्याला तोड नव्हती आणि जिभेलाही. दोन्हींचा प्रसाद सगळ्यांत जास्त मिळाला तो त्यांच्या यजमानांना, मिलमधले कारकून श्रीरामराव यांना.

चाळीस वर्षांपूर्वी श्रीरामराव धारकडे एका लग्नाला गेले होते. लोक लग्नाहून लाडू आणतात. यांनी वाटेतल्या बेटमा गावापुढच्या एका नाल्यातून नारळाएवढा गोल दगड उचलून आणला. "मनू, हा साधा दगड नाही. कुणा जाणकाराला दाखवायला हवा."

"साधा दगडच आहे," म्हणून बाईंनी तो घासूनपुसून मिठातल्या कैऱ्यांवर दाब म्हणून ठेवला. पुढे दर उन्हाळ्यात ते तेच म्हणत आणि बाई तेच उत्तर देत. जाणकार काही भेटला नाही. सहा वर्षांपूर्वी श्रीरामराव गेले, दगड कैऱ्यांवर राहिला. शेजारची सुनीता लोणचं घालताना तोच मागून न्यायची.

या मे महिन्यात पेपरात फोटो आला. संग्रहालयात प्रदर्शन, नर्मदेच्या खोऱ्यातली डायनासोरची अंडी. हुबेहूब तोच गोल! बाईंच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. म्हणजे ह्यांचं खरं होतं की काय? आणि आपण त्यांच्या खजिन्याला चाळीस वर्षं मीठ चोळलं? त्या रात्री बाईंना झोप लागली नाही.

सकाळी दगड पिशवीत घालून त्या नातीबरोबर, ऋजुताबरोबर, संग्रहालयाच्या दारात हजर. चौकीदाराने पिशवी उघडली.

"अम्माजी, पत्थर लेके किधर?"

"जाँच करायला आणलाय, भिया. अंदर बोल दे, टोकेकर आल्या म्हणून."

ऋजुता चार पावलं मागे सरकली.

आत काचेच्या पेटीत अंडं होतं. बाईंनी आपला दगड काचेला लावून धरला. तोच रंग, तोच आकार. बघता बघता गर्दी जमली, मोबाइल निघाले, आणि गर्दीतून वाट काढत पुण्याहून आलेले तज्ज्ञ यतीन आले. त्यांनी भिंगातून दगड पाहिला, उलटा केला, मग जरा थबकून नाकाशी नेला.

"हिंगाचा वास येतोय."

"लोणच्याचा आहे. तुम्ही अंडं बघा."

"आजी, अंड्याला कवच असतं, त्यावर बारीक छिद्रं असतात. हा पाण्याने घासून गोल झालाय." ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "साधा दगड आहे."

चाळीस वर्षं बाईंनी जे ऐकवलं, ते परक्याच्या तोंडून ऐकताना त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्हाला नोकरी लागून किती वर्षं झाली?"

"चार."

"हां! मग नीट बघा जरा."

यतीननी बिचाऱ्यांनी पुन्हा पाहिलं. तीनदा पाहिलं. दगड काही बदलला नाही. रिक्षात ऋजुता समजूत घालायला म्हणाली, "आजी, जाने दो ना. तूच तर म्हणायचीस, साधा आहे म्हणून."

"मी म्हणायचे. त्याने कशाला म्हणायचं?" बाई म्हणाल्या. पिशवी मांडीवर होती आणि खड्डा आला की त्या तिला दोन्ही हातांनी धरत होत्या.

संध्याकाळी सुनीता आली. "काकू, कैऱ्या चिरून झाल्या. तो दगड देता का?"

बाईंनी आपल्या कैऱ्यांवर वरवंटा ठेवला होता. दगड कपाटात, श्रीरामरावांच्या शालीत गुंडाळलेला होता.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "अंडं आहे ते. फुटेल."