आमच्या साहेबांची परीक्षा

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. सांगलीला शिकून नांगराच्या कारखान्यात लागलो, तेव्हा लढाई चालू होती. गावोगावच्या बाजारात लोखंडी नांगर न्यायचा आणि शेतकऱ्यांना समजावून द्यायचा, हे आमच्या खात्याचं काम.

कुंडलच्या बाजारात मी पहिल्यांदा बोललो ते वक्तृत्वस्पर्धेत बोलावं तसं. आमचे साहेब शेतकऱ्यांत मागे उभे होते. तिथे काही बोलले नाहीत. परतताना बैलगाडीत म्हणाले, "प्रश्न किती जणांनी विचारले?"

"कुणीच नाही."

"मग कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वेळी नांगर त्यांच्या हातात दे आणि तू गप्प राहा."

तसं केलं, आणि उत्तरं देता देता माझा घसा बसला.

साहेब हंगामी होते. त्यांना कायम करायचं की काढायचं, हे ठरवायला पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरांनी आम्हाला एकेकाला बोलावलं. साहेब हाताखालच्यांना काय शिकवतात, चुकलं तर कसं सांगतात, यावरून ते त्यांना जोखणार होते.

आमचा फिटर आत जाऊन हसत बाहेर आला. "सांबाळून घेतलं बग गड्या! म्हनलं, देवमानूस हाय, आमास्नी कवा एक शबुद बोलत न्हाईत."

वरच्या साहेबापुढे आपल्या माणसाची चुगली करायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीपायीच साहेबांची नोकरी जाणार होती.

मी आत जाऊन बाजाराची हकिगत सांगितली.

"पण बाकीचे म्हणतात, ते कधी बोलतच नाहीत," मॅनेजर म्हणाले.

"बोलतात म्हटलं तर तुम्ही साहेबांनाच रागवाल, असं वाटतं त्यांना."

त्यांनी फिटरला परत बोलावलं. "गेल्या वर्षी येत नव्हतं, असं आता काय येतं तुला?"

फिटरनं माझ्याकडे पाहिलं. मी 'सांग' म्हणून मान डोलावली.

"लय येतंय की! फाळ वाकडा बसला की सायेब काढून पुन्यांदा बसवाय लावत्यात. का चुकलं ते माज्याच तोंडनं वदवून घेत्यात. पर चारचौघांत कवा न्हाई."

मग तो थांबेचना. मॅनेजर ऐकत राहिले.

साहेब कायम झाले. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. मला जे काम येतं ते त्यांनी शिकवलेलं. साहेबांनी कायम झाल्याचे पेढे वाटले तेव्हा फिटर मात्र गोंधळलेलाच होता.

"आवं सायेब, म्हंजे आमी चुगली केली म्हून तुमी टिकलासा व्हय?"