लिबीला गोळी लागत नाही

एमिल व्होडिच्काने बावीस वर्षं नेब्रास्कातल्या डॉक्टरांच्या गळी उत्साहाच्या गोळ्या उतरवल्या. अँफेटामिनच्या, छोट्या, हिरव्या. सोमवारी निघालेली त्याची गाडी शुक्रवारी संध्याकाळीच घराकडे वळायची.

त्याचं भाषण ठरलेलं होतं. "दमलेली गृहिणी, डॉक्टर. सकाळी एक गोळी द्या, आठवड्यात हसायला लागेल." एखादा खवचट डॉक्टर विचारायचाच, "घरी बायकोला देतोस का रे?" मग एमिल छाती फुगवून म्हणायचा, "माझ्या लिबीला गोळी लागत नाही. शुक्रवारी येऊन बघा!"

आणि शुक्रवारी खरंच घर लख्ख असायचं, कोलाचे, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव, नुकतेच ओव्हनमधून निघालेले असायचे. "कसा गेला आठवडा?" असं विचारत लिबी दारातच हसत उभी. एमिल बोलत राहायचा, ती ऐकत राहायची. स्वतः मात्र घासभरही खायची नाही. "करता करताच पोट भरलं," म्हणायची. गोळीने उत्साह येतो आणि भूक मरते, हे जगाला सांगत हिंडणाऱ्या या शहाण्याला त्यात काहीच दिसलं नाही.

एकावन्नाव्या वर्षी लिबीचं हृदय बंद पडलं. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं घर एमिलला खायला उठायचं. शुक्रवारी तो मुद्दाम गाडी हळू चालवायचा. आपण तिला आठवडाभर एकटं टाकायचो, तरी ती आनंदात होती, एवढ्याच आधारावर तो दिवस ढकलत होता.

एकाहत्तर साली सरकारने या गोळ्यांवरचे नियम आवळले. कंपनीचं पत्र आलं: घरी उरलेली सगळी सँपलं परत द्या, शनिवारी माणूस येईल. आला तो डेल. एमिलनेच शिकवून तयार केलेला, आता त्याचाच साहेब.

गॅरेजात पुढची खोकी ठीक निघाली. भिंतीलगतची मात्र उघडून पुन्हा नीट चिकटवलेली होती. डेलने एक बाटली हलवली. खुळखुळली. झाकण काढून तळहातावर ओतली, तर वाळक्या घेवड्याचे दाणे. दुसरीतही तेच.

"हे काय हो, एमिल?"

तांबड्या ठिपक्यांचा तो घेवडा लिबी परसात लावायची. एमिल उलट्या बादलीवर मटकन बसला. शुक्रवारचं ते हसू कुठून यायचं, हे त्याला आता कळलं.

"मला लिहावं लागेल. गोळ्या गेल्या कुठे?"

"मी खाल्ल्या."

"काहीतरीच! तुम्ही कॉफीचा दुसरा कप घेत नाही!"

"लिही ना बाबा. मी खाल्ल्या."

"अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

डेलने मान खाली घालून लिहिलं. निघताना दारात घुटमळला. "वहिनी असत्या तर झोडपलं असतं तुम्हाला. त्यांना कधी गोळी लागली नाही. तुमच्याकडूनच शिकलो ते वाक्य, अजून वापरतो."

"हो," एमिल म्हणाला. "नाही लागायची तिला."

गाडी गेल्यावर त्याने घेवडा ओंजळीत भरून स्वयंपाकघरात आणला आणि टेबलावर तिच्या जागेपाशी ठेवला. समोरची खुर्ची ओढून तो बसला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं, "तुझा कसा गेला गं आठवडा?"